बेस कशातून न्यायचा

अण्णा,

तुमची नात तुमचा बेस मागते आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती तुम्हाला एका फोटोतून ओळखते. त्यात तुम्ही स्टेजवर सगळ्यांच्या मागे, ड्रमच्या बाजूला उभे आहात आणि माईकच्या दांड्यामुळे तुमचा अर्धा चेहरा दिसत नाही. ती बेस गिटार वाजवते. मी शिकवलं नाही, मला येतही नाही. कॉलेजात तिने कुणाचा तरी हातात घेतला आणि मग खाली ठेवला नाही. तिचा स्वतःचा आहे, हलका, नवा, पाच तारांचा. पण आता तिच्या बँडचं रेकॉर्डिंग आहे आणि त्यानंतर बाहेरगावी कार्यक्रम आहेत, त्यासाठी तिला तुमचा हवा आहे. जुन्या लाकडाचा आवाज वेगळा असतो, म्हणाली. मी म्हटलं, ने. इतक्या पटकन म्हटलं की तीच चमकली. पुढच्या गोष्टीला मात्र वेळ लागला. कशातून नेणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, बॅगेतून, आजोबांची केस कोण उचलणार. त्या दिवसापासून आमच्या घरात हा एकच विषय आहे. घरात आम्ही दोघीच असतो, त्यामुळे विषय बदलायला तिसरं कोणी नाही.

केस माझ्या पलंगाखाली आहे. दादरच्या या घराला लिफ्ट नाही, तिसरा मजला आहे. ती वर आणली तेव्हा दोन माणसं लागली होती. प्लायवूड, वर काळं रेक्झिन, आत मरून मखमल, पितळेचे खटके. बेस बाहेर काढून भिंतीला टेकवला आणि झाकण उघडं राहिलं, तर मखमलीत त्याचा आकार तसाच राहतो: मान, कंबर, दोन शिंगं. मी कधी कधी फरशी पुसताना ती उघडते आणि पुन्हा लावते. ती रिकामी आहे असं वाटतच नाही. उचलूनही कळत नाही, कारण जड ती स्वतःच आहे. मुलीची जुनी बॅग बेस काढला की खाली बसते. दारामागच्या खिळ्याला लावली की वाळलेल्या शर्टासारखी दिसते. तिच्यात आता कोणी नाही हे कुणालाही कळतं. मला वाटतं, मी केसच्या बाजूने बोलत होते ते यासाठीच. पण मुलीला मी सांगितलं ते दुसरंच कारण, आणि तेही खरं होतं. बेसची मान एकदा मोडलेली आहे.

ती मोडली तेव्हा मी शाळेत होते. तुम्ही मिलच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, इतकी वर्षं काढली होती की तुम्हाला कमी ऐकू यायचं. तिथले सगळेच ओठ बघून बोलणं समजून घ्यायचे. घरीही तुम्ही आईच्या तोंडाकडे बघत जेवायचात. ती पाठमोरी असली तर तिचं काहीच तुमच्यापर्यंत पोहोचायचं नाही. ती याचा फायदा घ्यायची, भाकरी थापताना भिंतीकडे तोंड करून तुमच्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घ्यायची, आणि आम्ही हसलो की तुम्ही विचारायचात, काय म्हणाली. गिटार, सॅक्सोफोन हे तुम्हाला लांबून आल्यासारखं ऐकू यायचं, पण बेस अंगातून यायचा. त्याच्या वरच्या शिंगाला हनुवटी टेकवून तुम्ही वाजवायचात. लोकांना ती स्टाईल वाटायची. मिल बंद पडल्यावर तुम्ही पूर्ण वेळ ऑर्केस्ट्रात गेलात. गणपती, नवरात्र, चाळींतल्या सत्यनारायणाच्या पूजा, कोकणातल्या जत्रा. आईने जुन्या दोन गोधड्या फाडून बेसला पिशवी शिवली होती. खांद्याला अडकवायचा पट्टा, गळ्याशी बटणं. शेजारच्या बायका ती बघायला आल्या होत्या. तीच पिशवी एका जत्रेहून परत येताना टेम्पोत स्पीकरखाली आली. घरी पिशवी उघडली तेव्हा बेसचं डोकं मानेपासून एका बाजूला कललेलं होतं, तारांनी तेवढं धरून ठेवलेलं.   पिशवी आईने दुसऱ्या दिवशी उसवली आणि तिच्या पुन्हा गोधड्या केल्या.

गिरगावात एक माणूस तेव्हा वाद्यं दुरुस्त करायचा. त्याने मान सरसाने जोडली, आणि त्याच्याच ओळखीच्या सुताराने केस करून दिली. तुम्ही ती पहिल्यांदा डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत आणलीत तेव्हा आई ओट्याशी होती. तिने वळून पाहिलं, पुन्हा ओट्याकडे वळली आणि भिंतीला सांगितलं की आता ह्याच्यावरच निजा. केसला जागा नव्हती. ती कॉटखाली जाईना, म्हणून कॉटच्या पायांखाली विटा आल्या. तुम्ही तिच्यावर पांढऱ्या रंगाने तुमचं नाव घातलंत, चाळीचं नाव, मजला, खोली. टेम्पोत सगळ्यांच्या पेट्या एकत्र व्हायच्या, म्हणून. अक्षरं मोठी आणि सरळ होती, गणपतीच्या फलकावर असतात तशी. तो पत्ता अजून वाचता येतो. ती चाळ आता नाही.

केस घेऊन तुम्ही चालत जायचात. बसमध्ये कंडक्टर घ्यायचा नाही. टॅक्सीवाला ती टपावरच्या कॅरियरला बांधायला बघायचा आणि तुम्ही उतरून जायचात. उजव्या हातात केस, डावा हात तिच्या पोटाखाली आधाराला, म्हणजे दोन्ही हात अडकलेले. जिना चढताना तुम्ही भिंतीला खांदा घासत यायचात. तुमच्या सगळ्या शर्टांचा एकच खांदा झिजलेला असायचा. गॅलरीत पोहोचल्यावर केस टेकवायची एक रीत होती. आधी बुडाचा कोपरा, मग पूर्ण बूड. दोन आवाज. पहिला हलका, दुसरा भरलेला. त्या दोन आवाजांमध्ये आई चहाचं आधण ठेवायची. तुम्ही मध्ये कुठे थांबायचा नाहीत. मी एकदा वडाळ्याच्या कार्यक्रमाला तुमच्याबरोबर आले होते. पुलाच्या पायऱ्यांवर तुम्हाला धाप लागली. मी म्हटलं, अण्णा, जरा ठेवा ना खाली. तुम्ही म्हणालात,

“खाली नको, बाय. पाय लागतलो कोणाचो तरी.”

पायऱ्यांवरून माणसं जात होती, पाय लागलाच असता. वाद्याला पाय लागू नये हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. चुकून लागला तर आपण हात लावून नमस्कार करायचो. पण तिथे मला वाटलं की बेस आत आहे, वर प्लायवूड आहे, त्यावर रेक्झिन आहे. पाय लागेल तो खोक्याला. हे मी बोलले नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, बोलूनही ऐकू गेलं नसतं.

आईचा राग त्या खोक्यावरच निघायचा. भांडण असं क्वचितच झालं, पण एकदा तुम्ही तापात तसेच कार्यक्रमाला निघालात आणि ती दारात आडवी उभी राहिली. या खेपेला तिने तोंड तुमच्याकडे केलं होतं, म्हणजे तिला ऐकवायचं होतं. “तुमका माझ्यापेक्षा त्या खोक्याची काळजी जास्त.” तुम्ही हसलात. म्हणालात, तुका कोण टेम्पोत टाकता? शेजारच्या खोलीतली मावशी तोंडाला पदर लावून आत गेली. आईही शेवटी हसली आणि बाजूला झाली. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तिला फार आवडलं. तिने ते तिच्या मित्रांनाही सांगितलं असणार.

तुम्ही गेलात तो दिवस तिला मी बरीच वर्षं सांगितला नव्हता. रिहर्सलहून येताना आजोबा गेले, एवढंच तिला माहीत होतं. तो असा होता. दुपार आहे. मी खिडकीशी परीक्षेचं वाचत बसले आहे, आई तांदूळ निवडते आहे. तुम्ही सकाळी रिहर्सलला गेला आहात. गॅलरीत आवाज येतो. एकच आवाज येतो. आई म्हणते, इले, आणि उठून आधण ठेवते. मी पुस्तकातून मान वर करत नाही, पण काहीतरी चुकलं आहे हे मला कळलं आहे, आणि काय चुकलं आहे हे कळायच्या आत दारात एक हमाल उभा आहे. त्याच्यामागे स्टेशनच्या पुलाखालचा पानवाला. केस दारात उभी आहे. पानवाला त्या पांढऱ्या अक्षरांवर बोट ठेवून विचारतो, हीच ना खोली? आई केसकडे बघते, मग त्या दोघांच्या मागे गॅलरीत बघते. तिला वाटतं तुम्ही खाली कुणाशी बोलत थांबला आहात. हमाल म्हणतो की साहेबांना पुलावर चक्कर आली, लोकांनी टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. कुठल्या, हे त्याला सांगता येत नाही. त्याने केस आणली, कारण केसवर पत्ता होता.

तुमच्या खिशात पत्ता नव्हता. रुमाल होता, कंगवा होता, तार बदलायची छोटी चावी होती. केस तासाभरात घरी आली, तुम्ही संध्याकाळपर्यंत सापडला नाहीत. मी आणि चाळीतले दोघं फिरत होतो. तिसऱ्या इस्पितळात तुम्ही होतात आणि तुमच्या नावाच्या जागी अनोळखी असं लिहिलं होतं. मी नाव सांगितलं. मला सांगावं लागलं, कारण ते मोठ्या, सरळ अक्षरांत केसवर होतं आणि केस घरी होती. घरी आले तेव्हा ती दारातून आत कुणीतरी घेतली होती, भिंतीला लावून उभी केली होती. आणि चहाचं आधण आटून पातेलं काळं झालं होतं. खोलीत येणारी जी ती बाई आधी केसकडे बघत होती आणि मग आईकडे. कारण तिथे उभं, तुमच्या उंचीचं, तेवढंच होतं.

पुलाच्या पायथ्याशी केळी विकणारी एक बाई होती. तुमचे दिवस झाल्यावर ती आली. बसली नाही, उंबऱ्याशीच उभी राहून आईला सांगितलं. तुम्ही मधल्या पायऱ्यांवर थांबलात. छातीवर हात न्यायला गेलात, पण हात मोकळा नव्हता. तिने खालून ओरडून सांगितलं, मामा, ठेवा ते. तुम्ही नुसते उभे राहिलात. माणसं बाजूने जात होती. मग तुम्ही केस मांडीच्या आधाराने धरलीत, एक हात सोडवलात, खिशातून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलंत, आणि ते पायरीवर, कडेला, भिंतीशी पसरलंत. एका हाताने पसरेना, पुन्हा सरळ केलंत. त्यावर केस ठेवलीत. आधी कोपरा, मग बूड. हे ती बाई म्हणाली नाही. हे मी घातलेलं आहे. ती म्हणाली की सावकाश ठेवली, अंड्याची पाटी ठेवावी तशी. मग तुम्ही बाजूला, नुसत्या पायरीवर बसायला गेलात आणि बसता आलं नाही. कठडा तिथे हाताच्या अंतरावर होता, असंही ती म्हणाली. त्या जिन्यावर मी नंतर गेले आहे. हाताच्या अंतरावरच आहे.

 त्या बाईला आईने हळदकुंकू लावलं नाही, लावायची वेळ नव्हती, पण जाताना तिच्या हातावर साखर ठेवली. रात्री भांडी घासताना भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

“त्येंचो एक हात मोकळो आसतो, तर कठडो धरून बसले आसते.”

हे वाक्य ती पुढे कधीही म्हणायची. भाजी चिरताना, वात वळताना. समोर कोणी असेल तेव्हा नाही. मला कधी कधी वाटायचं, ती अजून तुमच्याकडे पाठ करून बोलते आहे, म्हणजे तुम्ही खोलीत आहात असं ती धरून चालते. ऑर्केस्ट्रातले तुमचे अकॉर्डियनवाले मित्र आले होते. त्यांनी विचारून केस उघडली. बेसला काही झालं नव्हतं. त्यांनी एकेक तार छेडली आणि मान हलवली. चारही सुरात होत्या. ते रडायला लागले. आईने त्यांना पाणी दिलं आणि झाकण लावून घेतलं. त्यानंतर ते तिने उघडू दिलं नाही. बेस विकूही दिला नाही. केसचे खटके भिंतीच्या बाजूला करून ती तिने कॉटखाली सरकवली. खंडेनवमीला तुमचा मिलमधला स्पॅनर, तिची कात्री, माझी पुस्तकं पाटावर मांडायची, आणि केस बाहेर ओढून बंद झाकणावरच हळदकुंकू वाहायचं. झाकण न उघडता. मी एकदा म्हटलं की आत वाद्य आहे, पूजा त्याची करायची असते. ती म्हणाली, आत काय आसा ता माका माहीत आसा. रेक्झिनच्या सुरकुत्यांत ते कुंकू अजून आहे. ओल्या फडक्याने जात नाही.

आई गेल्यावर केस मी इकडे आणली आणि उघडली. तारा गंजल्या होत्या, मखमल ठीक होती, मानेचा सांधा ठीक होता. मुलगी तेव्हा लहान होती. तिने त्या मरून आकारात हात घातला आणि विचारलं, हा कुणाचा साचा आहे. मी म्हटलं, गिटारचा. त्यानंतर या घरातही मला ते दोन आवाज ऐकू यायला लागले. वरच्या मजल्यावर कुणी सिलिंडर टेकवतं, कुणी खुर्ची सरकवून ठेवतं. एक आवाज आला की मी दुसऱ्याची वाट बघते. तो येतोही बऱ्याचदा. वर्गात शिकवताना बाकं सरकतात तेव्हाही मी वाक्य तोडून थांबते. विद्यार्थ्यांना वाटतं मी त्यांना शांत व्हायला सांगते आहे.

मागच्या आठवड्यात तुमचा बेस तिच्या जुन्या बॅगेत घालून आम्ही दोघी टॅक्सीने गिरगावात गेलो. वाद्यांचं दुकान आहे, अरुंद आणि खोल, आत माळ्यावर केस आणि खाली बॅगा टांगलेल्या. मालक माझ्याच वयाचा. मी त्याला सांगितलं की नवी, हलकी हार्ड केस दाखवा. मुलगी म्हणाली, गिग बॅग, पाठीवर घ्यायची. तो आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला की आधी तुमचं ठरू दे, मी चहा मागवतो. मग बेस बघितला. मानेच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, हे जुनं काम आहे, चांगलं आहे, पण पडला तर सांगता येत नाही. मी म्हटलं, म्हणूनच. तो म्हणाला, ताई, हार्ड केस म्हणजे कपाट. टेम्पोत चार स्पीकरखाली जाणार असेल, विमानात सामानात द्यायचा असेल, तर कपाट पाहिजेच. पण कपाट घेऊन कोण फिरतं? तुम्ही मला काय न्यायचंय ते सांगताय, कोण नेणार ते सांगा. मुलीने शाळेतल्यासारखा हात वर केला. त्याने जाड अस्तराची एक बॅग काढली, आत मानेखाली उशी होती, पाठीवर दोन पट्टे. मी ती दाबून बघितली. आईच्या गोधडीपेक्षा जाड होती, एवढं मला कळलं. केसवर मूठ आपटली तर मूठ दुखते. बॅगवर मूठ आपटली की आत जाते.

दुकानाबाहेर फुटपाथवर उभं राहून मी तिला पुलावरचं सगळं सांगितलं. केळीवाली, वर्तमानपत्र, कठडा. आधी सांगायला हवं होतं की नको होतं, माहीत नाही.  पायाने दाबायच्या तिच्या छोट्या पेट्या पाठीवरच्या सॅकमध्ये होत्या. तुम्हाला त्या बघवल्या नसत्या, आवाज बदलायला त्यांच्यावर चक्क पाय देतात. मग ती म्हणाली, “पण आई, त्यांनी नीट ठेवला ना. त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी जे करायचं ते केलं.” ती कौतुकाने म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीही होतं. मला वाटलं मी हिला चुकीची गोष्ट सांगितली आहे. मी तिला तुमचा मृत्यू सांगत होते आणि तिने त्यातून वर्तमानपत्र तेवढं उचललं.

मी म्हटलं, “काही झालं तर टाकून द्यायचा.”

“काय टाकून द्यायचा?”

“बेस.”

“वेडी आहेस का तू?”

“असं म्हण, की टाकीन.”

“आई, लोक बघतायत.”

“बघू दे. म्हण.”

ती म्हणाली नाही. तिने मला टॅक्सीत बसवलं आणि पुन्हा आत जाऊन बेस आणि नवी बॅग घेऊन आली.  तिला राग आला नव्हता. वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवत होती. मला एवढंच हवं होतं, की माझ्या मुलीने एकदा तोंडाने म्हणावं की ती सोडेल. तुम्ही कधी म्हटलं नसतंत. आईनेही तुम्हाला म्हणायला लावलं नाही; ती दारातून बाजूला झाली.

घरी बॅग नीट बघितली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी आईच्या बाजूने विचार करत आले होते, हात मोकळे, कठडा धरता येईल. पण केस निदान हातात असते. हात उघडला की ती सुटते. तुम्ही उघडला नाहीत, तो भाग वेगळा. ही बॅग अंगाला बांधलेली असते. दोन पट्टे खांद्यांवर, आणि ते घसरू नयेत म्हणून छातीवरून एक आडवा पट्टा, प्लास्टिकच्या खटक्याचा. मी ती रिकामी पाठीला लावून आरशासमोर उभी राहिले, खटका लावला, आणि सोडवायला गेले. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबावा लागतो. माझ्या बोटांना तो पहिल्यांदा सापडला नाही. छातीत कळ येत असताना, गर्दीत, कुणाला सापडेल? मुलगी स्वयंपाकघरातून आली, मला तशी उभी बघून हसली. म्हणाली, ये आमच्या बँडमध्ये. मी विचारलं, हा मधला पट्टा लागतो का? ती म्हणाली, लागतो, नाहीतर पायऱ्या उतरताना बॅग हलते, नेकला झटका बसतो. आजोबांच्या बेसला तर लागेलच.

रविवारी सकाळी ती निघाली. तुमचा बेस तिने स्वतः केसमधून काढला, बॅगेत घातला, मानेखालची उशी सारखी केली. मी सांगितलेलं सगळं केलं. केस पलंगाखाली परत सरकवली. पाठीला बॅग लावल्यावर ती मागून तुमच्यासारखी दिसली नाही; मला तशी भीती होती, पण नाही दिसली. बेसचं डोकं तिच्या डोक्याच्या वर येत होतं, एवढंच. छातीवरचा खटका लागल्याचा आवाज आला. दोन्ही हात मोकळे होते. पोहोचल्यावर फोन कर, मी म्हटलं. मोबाईल तिच्या एका हातात होताच. दुसरा तिने पँटच्या खिशात घातला आणि जिना उतरायला लागली. तिन्ही मजले तिने कठड्याला हात लावला नाही. कठडा मी धरून उभी होते.

आज तिचा पहिला कार्यक्रम आहे. तिने फोन केला होता, बेस ठीक आहे, सगळे त्याचीच चौकशी करतायत, म्हणाली. तिचं काय, हे मी विचारलं तेव्हा हसली. हे मी तिला वाचायला देणार नाही आणि तुम्हाला पाठवायचा तर प्रश्नच नाही. लिहायला बसले ते तुमच्याशी भांडायला, असं मला वाटलं होतं. पण मला एक सांगायचं होतं आणि ते मी इतका वेळ लांबवलं. शनिवारी दुपारी ती केमिस्टकडे गेली होती तेव्हा मी आईची कात्री घेतली आणि बॅगेच्या त्या आडव्या पट्ट्याची एका बाजूची शिवण उसवली. सगळी नाही. दोन टाके ठेवले. बघून कळत नाही, खटका लागतो, पट्टा ताणून बसतो. तिने कधी घाबरून नुसते खांदे झटकले, तरी ते दोन टाके तुटतील आणि बेस खाली जाईल.